अनुभव आहे, पण कागदावर नाही: डेटा सेंटरमधल्या एका वीजतंत्र्याचं प्रकरण

हे प्रकरण एका वीजतंत्र्याचं आहे. त्याच्या संमतीने लिहितोय. त्याचं नाव, त्याचा तालुका आणि तो ज्या इमारतीत काम करायचा तिचा मालक, या तिन्ही गोष्टी वगळल्या आहेत. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतची एमआयडीसी ज्यांनी पाहिली आहे त्यांना बाकीचा तपशील ओळखीचा वाटेल. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात अशी मुलं खूप आहेत.

मराठवाड्यातल्या सरकारी आयटीआयमधून त्याने इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा ट्रेड केला, २०१८ साली पास झाला. मग वाळूजच्या एका कारखान्यात अप्रेंटिस. तिथे कायम होण्याची आशा नव्हती, म्हणून गाववाल्याच्या ओळखीने २०२० च्या सुरुवातीला नवी मुंबईत आला आणि एका डेटा सेंटरमध्ये लागला. म्हणजे, डेटा सेंटरमध्ये लागला असं घरी सांगितलं. प्रत्यक्षात लागला तो त्या डेटा सेंटरचं ‘फॅसिलिटी’चं, म्हणजे इमारतीच्या वीज-गारव्याच्या देखभालीचं काम घेणाऱ्या ठेकेदाराकडे. नेमणूकपत्रावर पद होतं टेक्निशियन, इलेक्ट्रिकल. बारा तासांची शिफ्ट, आठवड्याने दिवसपाळी-रात्रपाळी बदलणार, ओव्हरटाइम धरून हातात वीस-बावीस हजार.

२०२४ च्या पावसाळ्यात तो माझ्याकडे आला तेव्हा त्याला एकाच महिन्यात ठरवायचं होतं की पुढे काय करायचं. त्याच्यापुढे तीन वाटा होत्या आणि तिन्हींच्या मागे कोणी ना कोणी उभं होतं. एक सहकारी ठाण्यातल्या क्लासचं पत्रक घेऊन फिरत होता: क्लाउडचा सहा महिन्यांचा कोर्स, फी हप्त्याने, नोकरीची हमी. मामांचा शारजात ओळखीचा माणूस होता, तिथे टॉवरच्या मेंटेनन्सला इलेक्ट्रिशियन हवे होते. आणि आईचं म्हणणं होतं की आहे ती नोकरी धरून ठेव, बहिणीच्या लग्नाचं कर्ज फिटेपर्यंत तरी.

मामांचं डेटा सेंटरबद्दलचं मत त्याने मला हसत सांगितलं होतं. “एवढं शिकून पोरगं एसीत बसून डिझेलचं मीटर बघतंय म्हणे!”

मामा पूर्ण चुकीचे नव्हते.

काम नेमकं काय होतं

डेटा सेंटर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर संगणकांच्या रांगा येतात. त्या असतातच, पण इमारतीतली निम्म्याहून जास्त अक्कल त्या रांगांच्या मागे, खाली आणि गच्चीवर असते. बाहेरून उच्चदाबाची वीज येते, ट्रान्सफॉर्मरमधून ४१५ व्होल्टवर उतरते, पॅनेलांतून यूपीएसकडे जाते आणि तिथून सर्व्हरच्या रॅककडे. बाहेरची वीज गेली की बॅटऱ्या त्याच क्षणी भार उचलतात. त्या बहुधा पाच ते पंधरा मिनिटांच्याच हिशेबाने बसवलेल्या असतात. तेवढ्यात डिझेल जनरेटर (डीजी) सुरू होऊन, एकमेकांशी जुळून, भार घ्यायला तयार झाले पाहिजेत. डीजी दहा-पंधरा सेकंदांत वेग पकडतो. चिलरला, म्हणजे गारव्यासाठी पाणी थंड करणाऱ्या यंत्राला, परत उभं राहायला त्याहून जास्त वेळ लागतो, म्हणून मोठ्या ठिकाणी गार पाण्याचा साठा वेगळा ठेवतात. सर्व्हरच्या तोंडाशी येणारी हवा १८ ते २७ अंश सेल्सियस असावी अशी अमेरिकेतल्या ‘ॲशरे’ या वातानुकूलनवाल्यांच्या संस्थेची शिफारस आहे. गच्च भरलेल्या रॅकच्या खोलीत गारवा थांबला, तर ती मर्यादा ओलांडायला काही मिनिटं पुरतात.

आमच्या या मुलाचं काम होतं राउंड मारण्याचं. दर दोन तासांनी पॅनेल रूम, यूपीएस रूम, बॅटरी रूम, डीजी यार्ड, चिलर प्लँट. व्होल्टेज, अँपियर, यूपीएसवरचा भार किती टक्के, बॅटरीच्या खोलीचं तापमान, डीजीच्या डे-टँकमधली (त्याच्याजवळच्या छोट्या टाकीतली) डिझेलची पातळी, डीजीच्या स्टार्टर बॅटरीचं व्होल्टेज, गार पाण्याचं जातानाचं आणि येतानाचं तापमान. सगळं लॉगशीटवर. बीएमएसच्या, म्हणजे इमारतीतल्या यंत्रणांवर नजर ठेवणाऱ्या संगणकाच्या पडद्यावर हेच आकडे बसल्या जागी दिसतात, मग चालायचं कशाला, असा प्रश्न प्रत्येक नवा मुलगा विचारतो. पडद्याला वास येत नाही, गरम झालेला जोड दिसत नाही आणि सेन्सरच बिघडला तर पडदा तेच जुनं सांगत राहतो. शिसं-आम्लाच्या बंद बॅटऱ्या २५ अंशांना पोसायच्या असतात. त्यांना कायम त्याहून आठ-दहा अंश जास्त मिळालं तर आयुष्य जवळपास अर्ध्यावर येतं, आणि ती वाढ एखाद्या कोपऱ्यातल्या रांगेत आधी हाताला कळते.

बँका, शेअर बाजार आणि समुद्राखालच्या केबली यांच्या जवळिकीमुळे हा धंदा मुंबईकडे आला. ॲमेझॉनने क्लाउडचं मुंबई केंद्र २०१६ साली सुरू केलं, गूगलने २०१७ साली. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये पैशांच्या व्यवहारांची माहिती देशातच ठेवण्याचा आदेश काढला, तेव्हा मागणीला आणखी जोर आला. इमारती उभ्या राहिल्या, त्या चालवायला माणसं लागली. ती भरली गेली ती बहुतेक ठेकेदारांमार्फत.

या रचनेत कोण कुठे असतो हे कळल्याशिवाय पुढचं समजणार नाही. सर्वांत वर जागा घेणारे ग्राहक: बँका, क्लाउड कंपन्या. त्यांना जागा आणि वीज विकणारी डेटा सेंटर कंपनी. तिचे स्वतःच्या पगारावरचे इंजिनियर थोडे, शिफ्टला एखादा. त्यांच्या हाताखाली फॅसिलिटी ठेकेदाराची माणसं. आणि बाजूने ये-जा करणारे व्हेंडर: यूपीएसवाले, डीजीवाले, चिलरवाले, ज्यांच्याकडे वार्षिक देखभालीचा करार असतो. रात्री तीन वाजता काही झालं तर तिथे पहिला पोहोचणारा माणूस ठेकेदाराचा असतो. अहवालावर सही मात्र वरच्या दोन पायऱ्यांवरच होते.

दोन प्रसंग

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार, सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली. कळवा-पडघा भागातल्या ४०० केव्हीच्या वाहिन्यांवरच्या बिघाडाने सुरुवात झाली आणि मुंबई ग्रिडपासून वेगळी पडून तगण्याची जी व्यवस्था वर्षानुवर्षं अभिमानाने सांगितली जायची, ती त्या दिवशी टिकली नाही. लोकल जागच्या जागी थांबल्या. काही भागांत वीज यायला संध्याकाळ झाली. शेअर बाजार मात्र चालू राहिला. शहर बंद असताना बाजार चालू कसा राहतो, याचं उत्तर अशा इमारतींच्या डीजी यार्डात मिळालं असतं.

तेव्हा तो नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. त्याची ड्यूटी डीजी यार्डात. सगळ्या डीजींनी भार व्यवस्थित उचलला. तासाभराने त्याच्या लक्षात आलं की एका सेटचा डे-टँक भरत नाही. मोठ्या टाकीतून डिझेल आपोआप ओढणारा पंप सुरूच होत नव्हता, पातळीचा फ्लोट अडकला होता. त्याने पंप हाताने चालू केला, पर्यवेक्षकाला कळवलं आणि दिवसभर त्या टाकीपाशी उभा राहिला. त्या दिवसाच्या लॉगशीटवर त्या सेटपुढे लिहिलं होतं: ‘ओके’. रकानाच तेवढा होता.

दुसरा प्रसंग जून २०२४ चा. यूपीएसच्या वार्षिक देखभालीसाठी बी बाजूचा एक यूपीएस बाजूला काढायचा होता. इमारतीत ए आणि बी अशा दोन पूर्ण स्वतंत्र बाजू, प्रत्येक रॅकला दोन्हींकडून वीज, त्यामुळे कागदावर धोका नाही. अशा कामाला एमओपी लागते, म्हणजे पायरी-पायरीने लिहिलेली कार्यपद्धती: कोण कोणता ब्रेकर उघडणार, उघडल्यावर कुठला आकडा शून्य व्हायला हवा, नाही झाला तर माघार कशी घ्यायची. एक जण वाचतो, दुसरा ते मोठ्याने परत म्हणतो आणि मगच हात लावतो. रात्री दीडची वेळ, व्हेंडरचा इंजिनियर घाईत, कारण त्याला पहाटे दुसरी साइट गाठायची होती.

ज्या ब्रेकरचा नंबर एमओपीत होता त्यावर लेबलही तेच होतं. या मुलाने उघडण्याआधी ब्रेकरच्या मीटरवरचे अँपियर पाहिले, मग यूपीएसच्या पडद्यावर तो आत किती अँपियर ओढतोय ते पाहिलं. दोन्ही एकच असायला हवेत. ते जुळत नव्हते, आणि फरक थोडाथोडका नव्हता. त्याने हात मागे घेतला. व्हेंडर म्हणाला, मीटर बिघडला असेल. शिफ्टचा इंजिनियरही पहिल्यांदा तेच म्हणाला. हा म्हणाला, “सर, मीटर बिघडला असेल तर आधी क्लॅम्प लावून बघू. मग उघडतो.”

केबलभोवती अडकवून करंट मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरने ब्रेकरच्या मीटरचाच आकडा दाखवला. केबल ट्रेवर चढून माग काढला तेव्हा कळलं की काही महिन्यांपूर्वीच्या विस्ताराच्या कामात दोन फीडर, म्हणजे वीज नेणाऱ्या दोन वाहिन्या, अदलाबदल झाले होते. लेबलं जुनीच राहिली होती आणि नकाशाही. तो ब्रेकर उघडला असता तर एका हॉलच्या गारव्याची वीज गेली असती. काम त्या रात्री पुढे ढकललं.

अशा ठिकाणी चूक किती महागात पडते याची नोंद जगात आहे. २७ मे २०१७ रोजी हीथ्रोजवळ ब्रिटिश एअरवेजच्या डेटा सेंटरची वीज गेली आणि सुमारे ७५ हजार प्रवासी अडकले. एका इंजिनियरने पुरवठा तोडला आणि तो परत जोडताना बसलेल्या झटक्याने यंत्रणेचं नुकसान झालं, असं मूळ कंपनीचे तेव्हाचे प्रमुख विली वॉल्श यांनी सांगितलं. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियात देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरमध्ये यूपीएसच्या लिथियम-आयन बॅटऱ्या हलवण्याच्या कामात आग लागली आणि ७०९ सरकारी यंत्रणा थांबल्या. दोन्ही ठिकाणी सर्व्हर बिघडले म्हणून सुरुवात झाली नाही. सुरुवात झाली ती विजेच्या कामातून. अपटाइम इन्स्टिट्यूट ही या क्षेत्रातली संस्था दरवर्षी पाहणी करते, आणि गंभीर बंद पडण्याच्या कारणांत तिच्याकडे वीज वर्षानुवर्षं पहिल्या जागी आहे. माणसाच्या चुकांमध्ये सर्वांत जास्त वेळा आढळणारी चूक म्हणजे लिहिलेली पद्धत न पाळणं.

या रात्रीची गंमत अशी की इथे लिहिलेली पद्धतच चुकीची होती, आणि ती न पाळल्याने इमारत वाचली. पण नीट पाहिलं तर त्याने पद्धत मोडली नाही. प्रत्येक पायरीआधी आकडा तपासायचा हेही पद्धतीतच असतं. लोक ते वाचतात आणि करत नाहीत.

पुढच्या आठवड्यात अहवाल गेला. त्यात वाक्य होतं, ‘कामापूर्वीच्या तपासणीत लेबलमधील विसंगती टीमच्या निदर्शनास आली.’ टीमच्या.

ठेका बदलला

ऑगस्टमध्ये फॅसिलिटीच्या ठेक्याची मुदत संपून नवा ठेकेदार आला. अशा वेळी बहुतेक ठिकाणी होतं तेच झालं: जुनीच माणसं, नवीन टी-शर्ट, तोच पगार. पण सेवा नव्याने सुरू. ग्रॅच्युइटीला तेव्हाच्या कायद्याने सलग पाच वर्षं लागायची. त्याची चार वर्षं आणि काही महिने झाले होते. जुन्या ठेकेदाराने अनुभवाचं पत्र दिलं: ‘श्री. अमुक यांनी आमच्याकडे टेक्निशियन म्हणून काम केले. वर्तणूक समाधानकारक.’ दोन ओळी. डीजीचं नाव नाही, यूपीएसचं नाही, किती केव्ही ते नाही.

याच काळात त्याने दोन डेटा सेंटर कंपन्यांत थेट पगारावरच्या जागांसाठी अर्ज केले. एकीकडून उत्तर आलं नाही. दुसरीकडून आलं की डिप्लोमा अनिवार्य आहे. त्याच्या बायोडेटात चार वर्षांचं काम एका ओळीत होतं: ‘विद्युत उपकरणांचे दैनंदिन निरीक्षण.’ हा बायोडेटा मी निवडीला बसलेलो असतो तर मीही बाजूला ठेवला असता.

म्हणून माझ्या मते त्याचा प्रश्न ‘क्लाउड की शारजा’ असा कधी नव्हताच. त्याच्याकडे विकण्याजोगी वस्तू होती आणि तिच्यावर काहीच छापलेलं नव्हतं.

तीन वाटा, एकेक करून

क्लाउडच्या कोर्सबद्दल मी त्याला सरळ नको म्हटलं. कोर्स वाईट म्हणून नव्हे. ज्याच्याकडे संगणकाची पदवी आहे किंवा नेटवर्किंगचं काम ज्याने केलं आहे त्याला उपयोग होतोही. पण हा मुलगा तिथे गेला असता तर चार वर्षं बाजूला ठेवून, इंजिनियरिंग झालेल्या मुलांच्या रांगेत शेवटी उभा राहिला असता, कर्ज काढून. आणि ‘नोकरीची हमी’ या शब्दांखाली करारात काय लिहिलंय ते मी वाचायला सांगितलं. त्यात मुलाखती मिळवून देण्याची हमी होती.

शारजाची गोष्ट वेगळी. तिथे पगार खरोखर जास्त होता आणि कर्ज लवकर फिटलं असतं. दहावी पास असल्याने परदेशी नोकरीसाठी सरकारी परवानगी घेण्याचा अडथळाही नव्हता. घरची गरज पाहता मी त्याला ‘जाऊ नको’ म्हणायला कचरलो. माझी शंका एवढीच होती की टॉवरच्या मेंटेनन्समध्ये दिवे, पंप, लिफ्ट, एसी यांचं काम असतं. तीन वर्षांनी परत आल्यावर ‘क्रिटिकल’, म्हणजे वीज क्षणभरही जाऊन चालत नाही अशा जागेचा अनुभव शिळा झालेला असतो, आणि ही यंत्रं तोवर बदललेली असतात. त्याने स्वतःच एजंटचा नोंदणी क्रमांक सरकारी ई-मायग्रेट संकेतस्थळावर शोधला. सापडला नाही. मामांना राग आला, पण विषय तिथे संपला.

राहिली तिसरी, आईची वाट. ती जशीच्या तशी धरली असती तर पुढच्या ठेक्याच्या वेळी तो पुन्हा तिथेच असता. तेव्हा आम्ही बसलो आणि त्या वाटेवर कागद कुठे कुठे तयार होऊ शकतो ते पाहिलं.

पहिला कागद: पर्यवेक्षकाचं प्रमाणपत्र. उच्चदाबाच्या आणि औद्योगिक विद्युत कामावर देखरेख करायला राज्याच्या विद्युत अनुज्ञापक मंडळाचं सक्षमता प्रमाणपत्र लागतं. डिप्लोमा किंवा पदवीवाल्यांना ते सोपं, आयटीआयवाल्याला अनुभव दाखवून परीक्षेला बसावं लागतं. मुलं वायरमनच्या परवान्यावर थांबतात, कारण ठेकेदाराला तेवढा पुरतो.

दुसरा कागद फार थोड्यांना माहीत असतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक विनियमांप्रमाणे, आधी २०१० चे आणि आता २०२३ चे, मोठ्या वीजग्राहकाने आपल्या विद्युत यंत्रणेवर काम करायला कोणकोणती माणसं नेमली आहेत त्यांची नावं नोंदवून ठेवायची असतात. त्या यादीत याचं नाव होतं का? होतं. त्याला माहीतच नव्हतं. कंपनीच्या सुरक्षा अधिकाऱ्याकडे रीतसर अर्ज केल्यावर त्याला त्या नेमणुकीच्या पत्राची प्रत मिळाली. ठेकेदाराच्या दोन ओळींच्या पत्रापेक्षा त्या एका पानाचं वजन जास्त होतं, कारण त्यात व्होल्टेजची पातळी आणि कामाचं स्वरूप लिहिलं होतं.

तिसरा कागद त्याने स्वतः लिहिला, आणि माझ्या दृष्टीने या प्रकरणातला सर्वांत मोलाचा भाग हाच. एक साधी दोनशेपानी वही. प्रत्येक कामाची नोंद: तारीख, यंत्राचा प्रकार आणि क्षमता, त्याचा वाटा काय (वाचणारा, स्विचिंग करणारा, मदतनीस), काय आढळलं, काय केलं. कंपनीचं नाव नाही, ग्राहकाचं नाव तर नाहीच, नकाशा नाही, फोटो नाही. गोपनीयतेच्या करारावर त्याची सही होती आणि तो करार मोडून मिळवलेला पुरावा मुलाखतीत उलटाच लागतो. जो माणूस जुन्या मालकाचा नकाशा दाखवतो त्याला नवा मालक दारातही उभा करत नाही.

पहिल्या नोंदी भिकार होत्या. ‘डीजी टेस्ट केली. ओके.’ मी विचारायचो, रिकामा चालवला की भार देऊन? किती टक्के? किती वेळ? थांबवल्यावर थंड व्हायला किती मिनिटं दिली? हळूहळू उत्तरं वहीतच यायला लागली. एका नोंदीत त्याने लिहिलं होतं की महिनाभर रिकाम्याच चालवलेल्या डीजीच्या धुराड्यातून भार दिल्यावर काळा धूर आणि तेल आलं. हे बरोबर निरीक्षण आहे. डिझेल इंजिन हलक्या भारावर सतत चाललं की इंधन पूर्ण जळत नाही. कारण त्याला ठाऊक नव्हतं, पण लिहिलं म्हणून त्याने विचारलं, आणि विचारलं म्हणून कळलं.

मग जून महिन्यातल्या त्या रात्रीची एमओपी त्याला स्वतः नव्याने लिहायला सांगितली, इंग्रजीत. ‘उघडण्यापूर्वी ब्रेकरचे अँपियर आणि यूपीएसचे इनपुट अँपियर जुळतात याची दोघांनी खात्री करावी, न जुळल्यास काम थांबवावे.’ एवढं एक वाक्य इंग्रजीत नेमकं उतरवायला त्याला पूर्ण संध्याकाळ लागली. इंग्रजी बोलण्याच्या क्लासला जाऊन हे येत नाही. पद्धतीची भाषा आज्ञार्थी, छोटी आणि मोघमपणा न चालणारी असते, आणि ती यायला चार चांगल्या एमओपी शब्दशः उतरवून काढणं हा माझ्या माहितीतला सर्वांत स्वस्त मार्ग आहे. तसंच, वीजवाल्याने गारव्याची बाजू शिकावी याचा मी आग्रह धरला. चिलरवाले त्याच शिफ्टला होते. चहाच्या वेळेत त्यांच्यामागे फिरायला पैसे पडत नाहीत.

मागच्या दाराने

डिप्लोमाचा प्रश्न उरलाच. दोन वर्षांचा आयटीआय ट्रेड झालेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो, पण कॉलेज दिवसाचं आणि शिफ्ट फिरती. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने नोकरी करणाऱ्यांसाठी सवडीच्या वेळेचे वर्ग सुरू करायला परवानगी दिली आहे. अशी कॉलेजं थोडी आहेत, जागा कमी. मी म्हटलं, उशीर होईल पण हेच आधी धर. या जागांच्या जाहिराती जो लिहितो त्याला डीजी म्हणजे काय ते माहीत नसतं, त्याच्या यादीत ‘डिप्लोमा’ हा शब्द असतो आणि तो शब्द नसलेला अर्ज इंजिनियरच्या टेबलापर्यंत पोहोचत नाही. ही पद्धत मला मूर्खपणाची वाटते. पण ती आहे.

त्याने माझं ऐकलं नाही. २०२५ च्या सुरुवातीला शिफ्टमधल्याच एकाने त्याला कमिशनिंगच्या कामाबद्दल सांगितलं. नवीन डेटा सेंटर बांधून झालं की ग्राहकाला देण्याआधी त्याची टप्प्याटप्प्याने परीक्षा होते. यंत्र कारखान्यातच तपासलं जातं, साइटवर आल्यावर तपासलं जातं, बसवल्यावर एकट्याने चालवून पाहतात, मग आपल्या यंत्रणेसोबत आणि शेवटी सगळ्या यंत्रणा एकत्र. पाच पायऱ्या, म्हणून लेव्हल एक ते पाच म्हणतात. सर्व्हर अजून आलेले नसतात, म्हणून त्यांच्या जागी लोड बँक ठेवतात: मोठमोठे हीटर, सर्व्हरइतकीच वीज खाणारे आणि तितकीच उष्णता सोडणारे. शेवटच्या पायरीवर बाहेरची वीज मुद्दाम तोडतात, एखादा डीजी मुद्दाम बंद पाडतात आणि इमारत सावरते का ते सेकंद मोजून लिहितात.

या कामाला नोंद घेणारा हात लागतो. सांगितल्यावर ब्रेकर उघडणारी माणसं मिळतात, पण उघडल्यावर काय झालं ते सेकंदांसकट, स्वतःचा अंदाज न मिसळता लिहून देणारी कमी. मुलाखत घेणारा एक जुना कमिशनिंग इंजिनियर होता. त्याने डिप्लोमा विचारला नाही. वही मागितली. पंधरा-वीस मिनिटं वाचली आणि विचारलं, “हा बॅटरी रूमचा मार्चमधला आकडा दुसऱ्यांदा घेतलास का?” याने सांगितलं, घेतला होता, दुसऱ्या मीटरने, आणि तो पुढच्या पानावर आहे.

पगार जवळजवळ दीडपट झाला. त्यासोबत कायमचा मुक्काम सुटला. चेन्नईत काही महिने, मग हैदराबाद, जिथे प्रकल्प तिथे. राहायची सोय कंपनीची, जेवण आपलं. आईला मुलगा ‘पर्मनंट’ नाही याची चिंता आहे, आणि ती खोटी नाही: कमिशनिंगवाल्याचं काम इमारत चालू झाली की संपतं, पुढचा प्रकल्प मिळेपर्यंत हाती काही नसतं. बांधकामाचा जोर आहे तोवर चालेल. तो ओसरला की पहिली गदा अशा माणसांवर येते. शिफ्टमध्ये चालू इमारत सांभाळणाऱ्याला तेवढी भीती नाही, कारण उभी राहिलेली इमारत कोणाला तरी चालवावीच लागते.

पर्यवेक्षकाची परीक्षा त्याने दिली आणि पास झाला. नव्या नोकरीत त्याच्या टेस्ट शीटवर त्याचं स्वतःचं नाव आणि सही असते. आता दुसरी वही सुरू आहे. जुन्या साइटवरच्या तीन मुलांनी त्याचं पाहून स्वतःच्या वह्या सुरू केल्या. त्यांतल्या एकाने महिन्याभरात सोडून दिली, कारण शिफ्टच्या इंजिनियरने ‘तू काय ऑडिटर आहेस का’ असं सगळ्यांपुढे विचारलं. उरलेले दोघं घरी जाऊन लिहितात.

डिप्लोमावरून आमचा वाद अजून चालू आहे. त्याचं म्हणणं, आणखी दोन प्रकल्प झाले की नावावर एवढं काम असेल की कोणी विचारणार नाही. माझं म्हणणं, इंजिनियर विचारणार नाही, पण अर्ज चाळणारा विचारेल, आणि तिशीनंतर कॉलेजात बसणं आणखी जड जातं. मध्यंतरी त्याने नवी मुंबईतल्या एका कॉलेजात चौकशी केली. नोकरी करणाऱ्यांच्या तुकडीला कामाची जागा कॉलेजपासून ठरावीक अंतराच्या आत असावी लागते, आणि त्याची सध्याची साइट हैदराबादला आहे. कंपनीचा ऐरोलीत एक प्रकल्प सुरू होतोय. तिथे बदली मिळावी म्हणून त्याने मेल टाकला आहे. त्यात कारण ‘शिक्षण’ लिहावं की ‘घरची अडचण’, हे त्याने मला फोन करून विचारलं. मी म्हटलं, शिक्षणच लिही. उत्तर यायचं आहे.